वी यू गेमपॅडचा टच भलतीकडे लागतोय? उघडण्याआधी हे करून पाहा

निन्टेंडोचा वी यू कन्सोल २०१२ च्या नोव्हेंबरात बाजारात आला आणि २०१७ च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबलं. त्याच्यासोबत मिळणारा, मधोमध ६.२ इंचांची टच स्क्रीन असलेला कंट्रोलर म्हणजे गेमपॅड. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गेमपॅडची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. चित्र स्वच्छ दिसतं, बटणं चालतात, पण टच नीट लागत नाही. यातले बरेचसे एकही स्क्रू न काढता ठीक होतात. म्हणून ज्या क्रमाने मी तपासतो त्याच क्रमाने इथे लिहितोय. क्रम मोडू नका. मधली पायरी गाळली की पुढच्या पायरीचा निकाल फसवा येतो.

लक्षणं

आधी तुमचं लक्षण नेमकं कोणतं ते ठरवा.

- टेकवलं त्याच्या थोडं बाजूला लागतं, आणि पूर्ण स्क्रीनभर साधारण सारखंच सरकलेलं असतं.
- कुठेही टेकवलं तरी टच एकाच कडेकडे किंवा कोपऱ्याकडे ओढला जातो.
- हात न लावता मेनू आपोआप दाबला जातो. बहुतेक वेळा कडेजवळ.
- स्टायलसने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या काडीने, रेघ ओढताना ती तुटते, किंवा एका ठरावीक पट्ट्यात उमटतच नाही.
- टच पूर्ण बंद. चित्र, आवाज, बटणं सगळं ठीक.
- चित्रच अडखळतं, गोठतं, मध्येच तुटतं.
- एकाच गेममध्ये त्रास होतो, बाकी सगळीकडे टच चांगला.

शेवटची दोन लक्षणं टचची नाहीतच. चित्र अडखळत असेल तर कन्सोल आणि गेमपॅड यांच्यातला बिनतारी संपर्क बिघडलाय. तो ५ गिगाहर्ट्झवर चालतो, साधारण ८ मीटरपर्यंत पोचतो आणि भिंती मध्ये आल्या की कमजोर पडतो. कन्सोल टीव्हीखालच्या बंद कपाटात किंवा लोखंडी रॅकमध्ये असेल तर बाहेर काढून ठेवा आणि पुन्हा खेळून पाहा. एकाच गेममध्ये त्रास असेल तर त्या गेमची अपडेट आणि त्यातली नियंत्रणाची सेटिंग तपासा. या दोन्ही बाबतींत स्क्रीनला हात लावायचं कारण नाही.

हा बिघाड आहे की पडदाच असा आहे?

फोनची सवय असलेल्या माणसाने पहिल्यांदा गेमपॅड हातात घेतला की त्याला तो बिघडलेलाच वाटतो. दोन बोटांनी चित्र मोठं होत नाही, बोट हलकेच फिरवलं तर काही होत नाही. यात दोष काही नाही. फोनचा पडदा बोट लागल्यावर विजेत होणारा बदल ओळखतो. गेमपॅडचा पडदा दाब ओळखतो. या प्रकाराला रेझिस्टिव्ह टच म्हणतात, आणि निन्टेंडोच्या डीएस मालिकेतल्या जुन्या हँडहेल्डमध्येही हाच होता.

याची रचना समजली की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. वर एक लवचीक पारदर्शक फिल्म असते आणि तिच्या खाली काच. दोघींच्या समोरासमोरच्या बाजूंवर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो, आणि त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके. तुम्ही दाबता तेव्हा वरची फिल्म वाकते आणि खालच्या काचेला टेकते. टेकलं त्या जागी किती व्होल्टेज मिळालं, त्यावरून आतलं सर्किट आधी आडवी आणि मग उभी जागा काढतं. बस, एवढंच. बोट आहे, नख आहे की स्टायलस, हे त्याला कळत नाही. किती ठिकाणी दाबलंय हेही कळत नाही. दोन ठिकाणी फिल्म टेकली तर त्याला त्या दोघांच्या मधली कुठली तरी एकच जागा मिळते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. या स्क्रीनच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ त्यात आहे.

तर पहिली तपासणी फुकटातली. बोटाच्या गुबगुबीत भागाने दाबू नका, स्टायलसने किंवा नखाच्या टोकाने टेकवा. स्टायलस गेमपॅडच्या मागच्या बाजूला वरच्या कडेच्या खाचेत असतो. खेळताना डाव्या हाताचा अंगठा स्क्रीनच्या कडेवर विसावलेला नाही ना, तेही पाहा. तो विसावला असेल तर उजव्या हाताने टेकवलेली प्रत्येक जागा डावीकडे सरकणारच.

कन्सोल बाजूला ठेवून तपासा

गेमपॅडवर पॉवरच्या शेजारी टीव्हीचं बटण आहे. ते दाबलं की गेमपॅड टीव्हीचा रिमोट होतो, आणि यासाठी कन्सोल चालू असावा लागत नाही. त्या पडद्यावरची बटणं स्टायलसने एकेक करून दाबून पाहा. इथे टच चोख लागत असेल तर पडदा चांगला आहे, दोष कन्सोलच्या बाजूला किंवा गेममध्ये शोधा. इथेही चुकत असेल तर दोष गेमपॅडमध्येच आहे, आणि मग कन्सोल रीसेट करण्यात, त्यातला डेटा पुसण्यात काही अर्थ नाही. टच चालत नाही म्हणून कन्सोल फॉरमॅट करून सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, घालवून बसलेले लोक मी पाहिलेत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. वी यूसाठीचं निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान, ई-शॉप, २०२३ च्या मार्चमध्ये बंद झालं. तिथे नवीन काही विकत घेता येत नाही. तुमच्या कन्सोलमध्ये जे आहे ते जपा.

दुसरी चांगली जागा म्हणजे टाइप करायला येणारा कीबोर्ड. तो पडद्याचा मोठा भाग व्यापतो. वरच्या रांगेपासून प्रत्येक अक्षर स्टायलसने एकदा दाबा आणि उमटलेलं अक्षर कागदावर लिहून घ्या. सगळी अक्षरं एक घर उजवीकडे उमटत असतील तर कॅलिब्रेशन, म्हणजे टच आणि चित्र यांच्या जागांचा मेळ, सरकलंय. एखाद्या उभ्या पट्ट्यातली अक्षरंच गायब असतील तर तिथली फिल्म झिजलीय. जी अक्षरं कडेपासून दूर आहेत ती कडेकडे ओढली जात असतील तर त्या कडेला काहीतरी अडकलंय. ही पाच मिनिटं घालवाच. पुढे कारागिराकडे जायची वेळ आली तरी हा कागद त्याचा तासभर वाचवतो.

यानंतर एकदा कन्सोल पूर्ण बंद करा, भिंतीतून प्लग काढा, मिनिटभराने लावा. याने क्वचितच काही सुधारतं, पण करायला काही लागत नाही.

वरचं सगळं काढा

स्क्रीन प्रोटेक्टर आणि सिलिकॉनचं कव्हर, दोन्ही काढा. चांगला प्रोटेक्टर लावलेला असला तरी काढा. फोनसाठी असतो तसा जाड काचेचा प्रोटेक्टर या पडद्यावर लावला तर फिल्म वाकणारच नाही, आणि दाबच नाही तर टचही नाही. पातळ प्रोटेक्टरसुद्धा जरा मोठा कापला गेला असेल तर त्याची कड बाहेरच्या चौकटीखाली सरकते आणि फिल्मला कायम दाबून धरते. सिलिकॉनचं घट्ट कव्हर चौकट आत ओढतं, परिणाम तोच. काढल्यावर कीबोर्डची चाचणी पुन्हा करा. टच सुधारला तर इथेच थांबा. नवा प्रोटेक्टर घ्यायचाच असेल तर पातळ फिल्मचा घ्या आणि चारही बाजूंनी चौकटीपासून केसभर अंतर सुटेल असा लावा.

कडा साफ करणं

माझ्याकडे येणारे सर्वांत जास्त गेमपॅड याच पायरीवर बरे होतात. प्लास्टिकची चौकट आणि फिल्म यांच्यामध्ये बारीक फट असते. वर्षानुवर्षं तिच्यात धूळ, घामाची खारट पुटं, चिवड्याची, बिस्किटांची भुकटी जाऊन बसते. पावसाळ्यात दमट हवेने ती फुगून घट्ट होते. मग ती फिल्मला त्या जागी सतत दाबून ठेवते, आणि गेमपॅडला वाटतं की तिथे कोणीतरी बोट ठेवलंय. आता तुम्ही दुसरीकडे टेकवलं की दोन जागांच्या मधली जागा मिळते. कडेकडे ओढला जाणारा टच आणि आपोआप दाबले जाणारे मेनू, दोन्ही इथूनच येतात.

गेमपॅड बंद करा, चार्जर काढा. आधी मऊ, कोरड्या मायक्रोफायबरने पडदा पुसा. खडा राहिला तर पुढच्या घासण्यात ओरखडा पडतो. मग जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा किंवा पोस्टकार्डाइतक्या जाड कागदाचा कोपरा तिरका धरून फटीत हलकेच घाला आणि कडेला समांतर ओढत न्या. कचरा आत ढकलायचा नाही, बाहेर आणायचा आहे, म्हणून कागद पडद्याशी निजलेला ठेवा. प्रत्येक फेरीनंतर कागदाची कड पुसा. काळपट मेण निघतं, ते निघणं थांबेपर्यंत करा. चारही कडा करा, दोष एकाच कोपऱ्यात दिसत असला तरी. कोपऱ्यांवर जास्त वेळ द्या, घाण तिथेच जमते.

सुई, ब्लेड, टाचणी, टूथपिक यांतलं काहीही वापरू नका. वरची फिल्म मऊ आहे. तिला टोक लागलं तर आतला वीजवाहक थर तडकतो आणि तिथला टच कायमचा जातो. स्प्रेसुद्धा थेट मारू नका. द्रव फटीतून आत गेला तर दोन थरांच्या मध्ये पसरतो आणि तो बाहेर काढायला मार्ग नसतो. ओलं लागणारच असेल तर कापडाचा कोपरा पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि फक्त वरून पुसा.

कॅलिब्रेशन, आणि ते साफसफाईनंतरच

बहुतेक जण हे सगळ्यात आधी करतात आणि गोंधळ वाढवतात. कडेला घाण दाबून बसलेली असताना कॅलिब्रेशन केलं तर गेमपॅड चुकीच्या जागाच खऱ्या मानून लक्षात ठेवतो. नंतर कड साफ केली तरी टच उलट्या बाजूला चुकतो, आणि माणसाला वाटतं की साफ करताना काहीतरी तुटलं. म्हणून आधी कडा, मग हे.

सिस्टिम सेटिंग्ज उघडा आणि गेमपॅडच्या सेटिंगमध्ये जा. तिथे टच स्क्रीनच्या कॅलिब्रेशनचा पर्याय आहे. टच अजिबात चालत नसला तरी काळजी नाही, डाव्या स्टिकने सरकून ए बटणाने निवडता येतं. गेमपॅड टेबलावर सपाट ठेवा, मांडीवर नको. स्टायलस उभा धरा. स्क्रीनवर येणाऱ्या खुणेच्या अगदी मध्यावर टेकवा आणि उचला. डोळे थेट वरून पडद्यावर ठेवा. बाजूने पाहिलं तर फिल्म आणि चित्र यांच्यातल्या अंतरामुळे खूण सरकलेली दिसते आणि तेवढीच चूक कायमची बसते.

पुन्हा कीबोर्ड. आता सगळी अक्षरं जागच्या जागी येत असतील तर काम झालं.

स्टायलस, बॅटरी, चार्जर

रेघ तुटत असेल तर स्टायलसचं टोक उजेडात धरून पाहा. ते झिजून सपाट झालेलं असतं किंवा त्यात वाळूचा कण रुतलेला असतो. असा स्टायलस चालवत राहिलात तर तोच फिल्म खराब करतो. नवा फार महाग नाही, लगेच बदला.

गेमपॅड पालथा करून मागचं बॅटरीचं झाकण पाहा. ते फुगलेलं दिसलं, डुगडुगत असेल किंवा पूर्ण बसत नसेल तर इथेच थांबा. चार्ज करू नका, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. झाकणाचे स्क्रू साध्या फुलीचे असल्यामुळे लोकांना ते सोपं वाटतं आणि ते चिमट्याने बॅटरी उचकटायला जातात. हे काम कारागिराचं. मूळ बॅटरी १५०० एमएएच क्षमतेची होती, नंतर २५५० ची मोठीही निघाली. बदलून घेताना गेमपॅडसाठीचीच मागा.

कन्सोल अमेरिकेतून आलेला असेल तर चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. तिकडचे अडॅप्टर १२० व्होल्टचे आहेत, जपानचे १०० चे. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ते थेट लावले की जळतात, आणि कधीकधी पुढचं उपकरण सोबत घेऊन जातात. गेमपॅडच्या मूळ चार्जरमधून ४.७५ व्होल्ट, १.६ अँपिअर बाहेर येतं. पर्यायी चार्जर घेतलात तर त्यावरचे आकडे याच्याशी जुळवा. टच थरथरत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर एकदा तपासा. थरथर थांबली तर दोषी चार्जर आहे.

उघडायचं की नाही

इतकं करूनही टच पूर्ण बंद असेल किंवा एखादा पट्टा मेलेला असेल, तर उरलेली कारणं दोन. आतली रिबन केबल, म्हणजे पट्टीसारखी चपटी वायर, सैल झालीय, किंवा टचचा थर, म्हणजे डिजिटायझर, गेलाय. गेमपॅड पडल्यानंतर लगेच टच गेला असेल तर पहिलं संभवतं. हळूहळू, ओरखड्यांच्या जागी गेला असेल तर दुसरं.

मुख्य बॉडीचे बरेचसे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्यांना ट्राय-विंग म्हणतात. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर हाताशी नसेल तर साध्याने जबरदस्ती करू नका, डोकं गोल झालं की स्क्रू निघतच नाही. आतल्या रिबन केबलींच्या सॉकेटला नखाएवढी बारीक कुलपं असतात. ती तुटली तर दुरुस्ती स्क्रीनची न राहता बोर्डाची होते. आधी फोन किंवा हँडहेल्ड उघडून नीट परत जोडलेला असेल, तरच हात घाला. नसेल तर नका घालू. हे मी ठामपणे सांगतो, कारण हा कंट्रोलर बिघडला तर पुन्हा मिळणं अवघड आहे. बहुतेक देशांत गेमपॅड सुटा विकलाच गेला नाही. जपानमध्ये निन्टेंडोने सुटे भाग संपल्यामुळे २०२४ च्या जुलैत वी यूची दुरुस्ती बंद केली. सेकंडहँड गेमपॅड घ्यायचा तर तो तुमच्या कन्सोलच्याच प्रदेशाचा असावा लागतो. जपानी गेमपॅड अमेरिकन कन्सोलशी जोडला जात नाही.

अर्धवट टचवर भागवता येईल का, असंही बरेच जण विचारतात. काय खेळता त्यावर आहे. प्रो कंट्रोलर, म्हणजे वी यूचा पडदा नसलेला कंट्रोलर, असेल तर अनेक गेम त्याने चालतात. सिस्टिम सेटिंग्जसाठी मात्र गेमपॅडच लागतो, पण तिथे बटणांनी काम होतं. झेल्डाच्या विंड वेकर एचडीत सामान आणि नकाशा कायम हातातल्या पडद्यावर असतो, खेळ न थांबवता वस्तू ओढून बटणावर लावता येते. टच नसला तरी तो गेम खेळता येतो, पण ती सोय जाते. सुपर मारिओ मेकरमध्ये विटा, नळ, शत्रू स्टायलसने उचलून ठेवत पातळी बांधायची असते, तिथे टच नाही तर बांधणं नाही. आणि २०१५ चा कर्बी अँड द रेनबो कर्स तर संपूर्ण स्टायलसने रेघा ओढून खेळायचा. त्यात तुटणारी रेघ म्हणजे दर वेळी कर्बी खड्ड्यात. हे दोन गेम घरात असतील तर डिजिटायझरचा खर्च करा, माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलांना हा पडदा फोनपेक्षा सोपा जातो. स्टायलसचं टोक बारीक असतं, चौकोन नेमका सापडतो, आणि टीव्हीवर दुसरं कोणी काही पाहत असलं तरी अनेक गेम हातातल्या पडद्यावर चालू राहतात. ते सगळं एका फिल्मपायी सोडून देऊ नये.

कारागिराकडे कधी आणि काय सांगून

बॅटरी फुगली, आत पाणी किंवा चहा गेला, काच तडकली, रिबनचं कुलूप तुटलं, किंवा कॅलिब्रेशनमध्ये खुणा दाबूनही काहीच नोंदलं जात नाही, यांतलं एकही असेल तर पुढे जाऊ नका. पाणी गेलं असेल तर गेमपॅड चालू होतोय का हे पाहण्यासाठीसुद्धा पॉवर दाबू नका.

मोबाइलच्या दुकानात देत असाल तर एक गोष्ट आवर्जून सांगा. हा पडदा फोनसारखा काच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला नाही. चित्र दाखवणारी एलसीडी वेगळी, टचचा थर वेगळा. चित्र चांगलं असेल तर फक्त डिजिटायझर बदलायचा, आणि तो वी यू गेमपॅडचाच मागवायचा. फोनच्या सवयीने कोणी हीट गनची गरम हवा मारली तर प्लास्टिकची फिल्म वाकते आणि चांगली एलसीडीही जाते. हे आधी विचारून घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर गेमपॅड परत घ्या आणि जुने कन्सोल दुरुस्त करणारा शोधा.

सोबत कन्सोल, त्याचा अडॅप्टर आणि कीबोर्डच्या चाचणीचा तो कागद न्या. टीव्हीच्या बटणाने टच जुजबी तपासता येतो, पण कॅलिब्रेशन कन्सोलशिवाय होत नाही. नवा डिजिटायझर लावल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं. ते दुकानातच करून घ्या, चारही कोपऱ्यांतली अक्षरं स्वतःच्या हाताने दाबून पाहा, आणि मगच पैसे द्या.